‘ज्ञातिबांधवांस खास दर’ : मोटारखरेदीतील सवलतींचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा थोर विषयांवर भाषणे होतात. आज मोटारगाडीच्या खरेदीसारखा व्यवहारी विषय मी घेतला आहे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु कार्यकारी मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. एका विक्रेत्याने मंडळास असे कळविले आहे की, मंडळाचे शिफारसपत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक सभासदास नव्या गाडीवर ‘साठ हजार रुपयांपर्यंत’ खास सवलत मिळेल, आणि शिवाय स्मरणिकेसाठी पूर्ण पानाची जाहिरातही देण्यात येईल. प्रस्ताव गोड आहे. म्हणूनच तो गिळण्यापूर्वी चावून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल की, एके काळी गाडीवर सूट मिळणे ही कल्पनाच हास्यास्पद होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट असो वा बजाजची स्कूटर, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्याचा नंबर लागे तो तीच गाडी छापील किमतीहून अधिक रक्कम घेऊन दुसऱ्यास देई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हाही नोंदणीसाठी रांगाच होत्या. टंचाईच्या बाजारात ग्राहक याचक असतो. आज स्थिती पालटली आहे. कारखाने अनेक, नमुने शेकडो, आणि विक्रेत्याच्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर त्याला कर्जाचे व्याज भरावे लागते. सवलत जन्मास येते ती या व्याजातून, आणि महिन्याअखेर पुरा करावयाच्या विक्रीच्या आकड्यातून. विक्रेत्याच्या मनातील ज्ञातिप्रेमाशी तिचा यत्किंचितही संबंध नसतो. एवढे एक तत्त्व ध्यानी धरले की पुढील सर्व हिशेब सोपा होतो.

प्रथम ‘सवलत’ या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात ते पाहू.

पहिली, सर्वसाधारण ग्राहक सवलत. ही कारखानदार दर महिन्यास जाहीर करतो, आणि ती रस्त्यावरून आत येणाऱ्या कोणासही मिळते. दुसरी, जुन्या गाडीच्या बदल्यात मिळणारा एक्स्चेंज बोनस. जुनी गाडी नसेल तर हा आकडा आपल्यासाठी शून्य. तिसरी, कॉर्पोरेट सवलत. कारखानदाराकडे कंपन्या, बँका, सरकारी खाती आणि काही व्यवसाय यांची एक यादी असते. त्या यादीतील संस्थेत नोकरी असेल, तर ओळखपत्र अथवा पगारपत्रक दाखवून ही सूट मिळते. चौथी, खुद्द विक्रेता आपल्या नफ्यातून सोडतो ती रोख सूट. पाचवी, रोख रकमेऐवजी दिले जाणारे साहित्य : गालिचे, आसनांची आवरणे, वाढीव हमी. यांखेरीज लष्करातील आजी-माजी मंडळींसाठी १९४८ साली स्थापन झालेल्या कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटची स्वतंत्र वाट आहे. तेथे वस्तू व सेवा कराचा अर्धा भार शासन परत करते, म्हणून तो दर खरोखरच वेगळा असतो. आपल्या ज्ञातीत माजी सैनिकांची कुटुंबे थोडी नाहीत. त्यांनी ही वाट आधी पाहावी.

आता ‘संबंधितांचा दर’ ही कल्पना कोठून आली, तेही थोडक्यात सांगतो, कारण आपले अनेक तरुण आज अमेरिकेत आहेत व त्यांच्या पत्रांतून तिचा उल्लेख येतो. डेट्रॉइटच्या कारखानदारांनी प्रथम आपल्या कामगारांना, मग त्यांच्या कुटुंबियांना व निवृत्तांना, आणि पुढे सुटे भाग पुरविणाऱ्या संस्थांच्या नोकरवर्गाला ठरावीक दराने गाडी देण्याची प्रथा पाडली. या दराचे वैशिष्ट्य असे की, तो कारखानदारच ठरवितो. ग्राहकास एक संकेतांक मिळतो, आणि त्या दरावर घासाघीस होत नाही. पण तेथे ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन आहे. सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली झालेल्या कायद्यान्वये प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखानदाराने सुचविलेली किंमत, जोडसाहित्याची किंमत व वाहतूकखर्च हे सर्व छापून चिकटवावे लागते. कोणत्या आकड्यातून सूट वजा व्हावयाची, तो आकडा आधी सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. तरीही तेथील जाणते लोक सांगतात की, संबंधितांचा दर नेहमीच सर्वांत कमी असतो असे नाही. मंदीच्या महिन्यात एखादा विक्रेता त्याहूनही खाली उतरतो. आणि २००५ च्या उन्हाळ्यात तर जनरल मोटर्सने कामगारांचा दर सर्वांनाच खुला केला, तेव्हा ‘खास’ या शब्दात खास असे काहीच उरले नाही.

आपल्याकडील गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण येथे दोन किमती बोलल्या जातात. एक ‘एक्स-शोरूम’, म्हणजे वस्तू व सेवा करासह गाडीची किंमत. दुसरी ‘ऑन-रोड’, म्हणजे तीत रस्ता-कर, नोंदणी, विमा, फास्टॅग आणि इतर बाबी मिळविल्यावर येणारी बेरीज. सवलत पहिल्या किमतीवर बोलली जाते आणि पैसे दुसऱ्या किमतीचे भरावे लागतात. या दोहोंमधील खिंडीतच ग्राहकाची वाटमारी होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. एका लहान पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ९,००,००० रुपये आहे. ‘साठ हजारांपर्यंत’ या सवलतीची फोड मागितली असता ती अशी निघते : सर्वसाधारण ग्राहक सवलत २५,०००, एक्स्चेंज बोनस २०,०००, कॉर्पोरेट सवलत ५,०००, आणि साहित्य १०,००० रुपयांचे. आता आपला सभासद तालुक्याच्या गावी लहानसे दुकान चालवितो. त्याच्यापाशी जुनी गाडी नाही, आणि त्याचे दुकान कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. त्याला मिळणार २५,००० रोख आणि १०,०००चे साहित्य, म्हणजे ३५,०००. यापैकी २५,००० तर शिफारसपत्र न नेणाऱ्या शेजाऱ्यालाही मिळणारच होते. ‘पर्यंत’ हा एक शब्द केवढे काम करतो पाहा!

पुढे ऐका. त्याच दरपत्रकात विमा बाहेरच्यापेक्षा ९,००० रुपयांनी महाग लावलेला आहे. ‘हाताळणी खर्च’ म्हणून ६,५०० आहेत. रंगावरील लेप, गालिचे इत्यादी ‘आवश्यक’ साहित्य १८,०००चे आहे. या तिन्हींची बेरीज ३३,५००. एका हाताने ३५,००० दिले, दुसऱ्या हाताने ३३,५०० काढून घेतले. शिल्लक उरले १,५००, आणि तेही भेट दिलेल्या साहित्याची छापील किंमत खरी मानली तर. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे आपण म्हणतो. येथे तर कोंबडी फुकट म्हणून मसाल्याचे पैसे घेतलेले आहेत.

म्हणून प्रत्येक बाबीतील कायदा व रीत थोडी समजून घेतली पाहिजे.

विमा : १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा व दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ-हानीचा विमा एकदम घ्यावा लागतो. या भागाचा हप्ता शासन ठरविते, त्यामुळे तो सर्व विमा कंपन्यांत एकच असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. विमा कोणत्या कंपनीकडून घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. विक्रेता सुचवू शकतो, सक्ती करू शकत नाही. “विमा आमच्याकडून घेतला तरच सवलत,” असे कोणी म्हटले, तर सवलतीतून विम्यातील फरक वजा करावा आणि जी उरेल तीच खरी सवलत समजावी.

हाताळणी खर्च : मोटार वाहन कायद्यात ग्राहकाने भरावयाचा या नावाचा कोणताही कर वा शुल्क नाही. गाडी आपल्या आवारापर्यंत आणणे, धुऊन पुसून देणे हा विक्रेत्याच्या धंद्याचा खर्च आहे. तसेच, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर सुरक्षित क्रमांकपट्टी देण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेता यांचीच आहे. दरपत्रकात अशा नावाची निराळी रक्कम दिसल्यास ती कशाची, हे विनयाने पण ठामपणे विचारावे.

कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर, म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीच्या व पेट्रोलच्या १,२०० किंवा डिझेलच्या १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांवर, १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, आणि विजेवरील गाड्यांवर ५ टक्के. सवलत विक्रीच्या वेळीच बीजकावर दाखविली, तर कर कमी झालेल्या किमतीवर आकारला जातो. तेव्हा २५,००० ची सवलत ‘करापूर्वीची की करासह?’ हा प्रश्न क्षुल्लक नाही. करापूर्वीच्या किमतीतून २५,००० वजा झाले, तर १८ टक्क्यांच्या गाडीवर ग्राहकाची बचत २९,५०० होते. करासह असेल तर २५,०००च. आणि ‘नंतर खात्यावर जमा करू’ असे तोंडी आश्वासन असेल तर बचत किती, हे देवास ठाऊक! जी सवलत बीजकावर नाही ती सवलत नव्हे, तो केवळ शब्द होय.

दहा लाखांवरील गाडीवर २०१६ पासून एक टक्का रक्कम विक्रेता आयकर म्हणून गोळा करतो. बारा लाखांच्या गाडीवर ती १२,००० होते. ही मात्र गेलेली रक्कम नव्हे. ती आपल्या पॅन क्रमांकावर जमा होते, आणि विवरणपत्र भरताना करातून वजा करता येते अथवा परत मागता येते. कित्येक सभासद ही रक्कम मागतच नाहीत, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

कर्ज : विक्रेत्याच्या मेजावरच कर्जाची व्यवस्था होते, ही सोय खरी. पण त्या व्यवस्थेबद्दल त्यासही काही मोबदला मिळतो, हे विसरू नये. “फक्त सात टक्के,” असे सांगितले तर तो दर सपाट आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारावे. सहा लाख रुपये पाच वर्षांसाठी सपाट सात टक्क्यांनी घेतल्यास व्याज २,१०,००० व मासिक हप्ता १३,५०० होतो. घटत्या शिलकीवर पाहिले तर हाच दर सुमारे साडेबारा टक्के पडतो. पंचवीस हजारांची सवलत अशा कर्जात कोठे विरघळून जाते, ते कळतही नाही.

आता मागणी नोंदविण्याविषयी, कारण सर्वांत मोठी ठेच मला येथेच लागली आहे. ती सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगितली नाही तर या भाषणास अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक निवृत्त शिक्षिका मजजवळ आल्या. मुलाच्या व्यवसायासाठी गाडी घ्यावयाची होती, आणि निवृत्तीच्या रकमेतून पैसे द्यावयाचे होते. माझ्या ओळखीचा एक विक्रेता होता. मी त्यांस पत्र दिले आणि म्हणालो, “बाई, माणूस आपलाच आहे, तुम्ही काही पाहू नका.” त्यांनी मार्चमध्ये बयाणा भरला. मार्चअखेरची सवलत तीस हजारांची होती. गाडी आली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत ती सवलत संपली होती, आणि नोंदणीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेले होते की, गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीची किंमत व त्या दिवशीच्याच सवलती लागू राहतील. बाईंनी तीस हजार अधिक भरले. त्यांनी तक्रार केली नाही, कारण पत्र माझे होते. मला ही गोष्ट वर्षभराने त्यांच्या मुलाकडून कळली. त्या दिवसापासून मी कोणास असे पत्र दिलेले नाही. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत. त्या बाईंची भीड तीस हजारांना पडली, आणि ती भीड मी उत्पन्न केली होती.

म्हणून बयाणा देताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : गाडीचा नमुना व रंग, ताब्याची अंदाजित तारीख, प्रत्येक सवलतीची पृथक् रक्कम, आणि उशीर झाला तर ती सवलत टिकणार की नाही. टिकणार नसेल तर बयाणा पूर्ण परत मिळावा, अशीही नोंद हवी. उलटही घडते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरला, तेव्हा आधी मागणी नोंदवून नंतर गाडी घेणाऱ्यांस कमी कराचा लाभ झाला. तसेच वर्षअखेरीस मोठी सूट दिसली तर गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष पाहावे. ते नोंदणीच्या दाखल्यावर कायमचे राहते. डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत कागदोपत्री एक वर्षाची होते आणि विकतेवेळी तेवढी किंमत कमी येते. दहा वर्षे वापरावयाची असेल, तर मात्र ही सूट खुशाल घ्यावी.

विक्रेते सारेच लबाड, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी काढू नये. पुष्कळदा त्यांचेही हात बांधलेले असतात. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड केला. एका विक्रेत्याच्या म्हणून आलेल्या निनावी पत्रावरून हे प्रकरण निघाले, आणि त्यातील तक्रार मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा या विभागाविषयी होती. कंपनीने ठरविल्याहून अधिक सूट विक्रेत्यांनी देऊ नये असा निर्बंध होता, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेषात माणसे पाठविली जात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. याच स्वरूपाच्या प्रकरणात ह्युंदाई कंपनीस २०१७ साली झालेला ८७ कोटींचा दंड २०१८ साली अपिलात रद्द झाला होता, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य इतकेच की, शोरूममध्ये जो तरुण आपणाशी गोड बोलतो, त्याच्या हाती किती सूट आहे हे त्याच्या मनावर नसते. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. प्रश्न कागदास विचारावा, माणसास नव्हे.

मग समुदायाच्या बळाचा काहीच उपयोग नाही काय? आहे, निश्चित आहे. २०१० साली त्या वेळच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन मर्सिडीझ-बेंझच्या १५० गाड्या एकदम घेतल्या आणि दरात व कर्जाच्या व्याजात सवलत मिळविली. २०२५ मध्ये ‘जितो’ या जैन समाजाच्या व्यापारी संघटनेने निरनिराळ्या कंपन्यांकडून १८६ महागड्या गाड्यांची खरेदी घडवून आणली, आणि सभासदांचे मिळून सुमारे २१ कोटी रुपये वाचल्याचे प्रसिद्ध झाले. स्वतः संघटनेने त्यात नफा घेतला नाही, असेही तिने सांगितले. हा धडा नीट वाचावा. त्यांनी विक्रेत्यापुढे नावांची यादी ठेवली नाही, मागण्यांची ठेवली. आज पक्क्या खपाची हमी दिली, म्हणून किंमत उतरली. आमच्या मंडळाचे सभासद हजार असतील. परंतु त्यांतील पाच जण या दिवाळीस गाडी घेणार असतील, तर विक्रेत्याच्या लेखी आपण पाच आहोत, हजार नव्हे. हजारांचे नाव देऊन पाचांची सवलत मिळवावयाची, आणि उरलेल्यांचे पत्ते व दूरध्वनी विक्रेत्याच्या वहीत जावयाचे, हा सौदा तोट्याचा आहे.

म्हणून प्रस्ताव फेटाळावा असे मी म्हणत नाही. तो पुढील अटींवर स्वीकारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. खास दर हा त्या महिन्याच्या सर्वसाधारण सवलतीच्या वर किती, ते विक्रेत्याने लेखी द्यावे. ती रक्कम बीजकावर दाखवावी. विमा, कर्ज व साहित्य यांची कोणतीही अट नसावी. सभासदांची यादी मंडळाने देऊ नये, ज्यास हवे त्याने स्वतः जावे. आणि स्मरणिकेची जाहिरात या व्यवहारापासून पूर्णपणे अलग असावी. जाहिरातीचे पान हे आपल्या सभासदांच्या खिशातून छापले जात असेल, तर ते पान कोरे राहिलेले बरे.

याखेरीज एक लहानसे काम मंडळाने करावे. कार्यालयात एक वही ठेवावी. जो सभासद गाडी घेईल त्याने आपल्या दरपत्रकाची व अंतिम बीजकाची नोंद तीत करावी : तारीख, नमुना, एक्स-शोरूम किंमत, प्रत्येक सवलत, विमा, इतर खर्च. दोन वर्षांत ती वही कोणत्याही शिफारसपत्राहून अधिक मोलाची होईल. तीत पहिली नोंद त्या शिक्षिकाबाईंच्या गाडीची असेल. त्यांची अनुमती मी घेतली आहे, आणि नाव न लिहिण्याचे वचन दिले आहे. तीस हजारांची ती ओळ मी माझ्या हाताने लिहिणार आहे.

ज्ञातिमंडळाचे नाव हे आपल्या पूर्वजांनी वर्गणीचे एकेक रुपये जमवून उभे केलेले भांडवल आहे. ते कोणास उसने द्यावयाचे, तर त्याचे व्याज शेवटच्या, सर्वांत भिडस्त सभासदाच्या घरी पोहोचते की नाही, हे पाहून द्यावे. प्रस्तावाचा निर्णय आपण सर्वांनी विचारपूर्वक घ्यावा, अशी माझी प्रार्थना आहे.